रेंजची बॅग कुणी भरायची?

माझं एक मत आहे आणि ते आमच्या घरात कुणालाच पटलेलं नाही. म्हणून इथे लिहितोय, म्हणजे ताईलाही निवांत वाचता येईल आणि जेवताना वाद होणार नाही :). तर मत असं, की रायफल नेमबाजी शिकणाऱ्या मुलाची रेंजची बॅग आईबाबांनी भरू नये. मामाने तर मुळीच भरू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. २०२४ साली आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, आणि त्या वर्षी आमच्या भाचीने एअर रायफल हातात घेतली. आता ती चौदा वर्षांची आहे. मी स्वतः बरीच वर्षं हौस म्हणून नेमबाजी करतो, त्यामुळे रविवारी तिला रेंजवर नेणं आपसूक माझ्याकडे आलं. पुढच्या महिन्यात तिची बाहेरगावी स्पर्धा आहे आणि घरात सध्या एकच विषय चालू आहे... बॅगेत काय काय घ्यायचं?

लांबून बघणाऱ्याला वाटतं, रायफल आणि छर्रे घेतले की झालं. तसं नसतं. दहा मीटरवरच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. एवढ्या बारीक कामात साइटचा एक स्क्रू किंचित सैल झाला तरी छर्रे इकडेतिकडे जायला लागतात, आणि मुलाला वाटतं आपलाच हात हलतोय. हवेच्या सिलिंडरमध्ये साधारण दोनशे बारचा दाब असतो, आणि तो धरून ठेवते ती कानातल्या बाळीएवढी रबरी ओ-रिंग. ती कधी चिरेल याचा नेम नाही.

गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत बघितलेली गोष्ट सांगतो. सायटर्स चालू असताना एका मुलाच्या सिलिंडरमधून फुस्स आवाज यायला लागला. मुलगा सोळा-सतराचा असेल. त्याचे वडील कठड्यामागे उभे होते आणि त्यांच्याकडे टूलबॉक्स होता. काय टूलबॉक्स म्हणता! सगळे पाने कप्प्यांत लावलेले, ओ-रिंगा चार मापांच्या, ग्रीसची ट्यूबसुद्धा. पण वडिलांना फायरिंग लाइनवर जाता येत नाही. मुलगा रायफल घेऊन मागे आला आणि बॉक्सकडे नुसता बघत राहिला, कारण तो त्याने कधी उघडलाच नव्हता. वडिलांनी घाईघाईने एक रिंग बसवली, ती बसेना, मग दुसरी. शेवटी रायफल चालू झाली, पण उरलेल्या वेळात त्याने जे काही मारलं ते बघवत नव्हतं. सामान होतं, पैसे होते, माया तर होतीच होती. फक्त ते सगळं कठड्याच्या चुकीच्या बाजूला होतं.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते झालं २०२१ साली) मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. २००८ साली बीजिंगला अंतिम फेरीच्या तोंडावर अभिनव बिंद्राच्या रायफलीची साइट बिघडलेली निघाली. सायटर्स भलतीकडेच जायला लागले तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं. हातात होता तेवढ्या वेळात त्याने साइट परत जुळवली आणि सुवर्णपदक घेऊन आला. आता विचार करा, दोष रायफलीत आहे आणि आपल्यात नाही हे त्या क्षणी कोण ओळखणार? ज्याने ती शंभर वेळा खोलली-जोडली आहे तोच.

यावर ताईचं म्हणणं असं, की दोन-तीन लाखांची रायफल चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन खोलायला लावायची का? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी भाचीला सामानाचे तीन ढीग करायला शिकवले.

पहिला ढीग बदलायच्या वस्तूंचा. सिलिंडरच्या तोंडाच्या आणि हवा भरायच्या ॲडॅप्टरच्या ओ-रिंगा, त्यांना लावायला सिलिकॉन ग्रीस, पुढच्या साइटमधली एक जादा रिंग, बुटाची लेस, कानाचे प्लग, सेफ्टी फ्लॅग, आणि सुईदोरा (हसू नका, जॅकेटचं बटण ऐनवेळी तुटतं). ग्रीसच्या जागी घरातलं मशीनचं तेल अजिबात चालत नाही. एवढ्या दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं. हे मात्र मी तिला दरडावून सांगितलंय.

दुसरा ढीग आवळायच्या वस्तूंचा. ॲलन कीचा संच आणि एक चांगला छोटा स्क्रू ड्रायव्हर. कुठली की कुठल्या स्क्रूची, हे तिने कीला रंगीत चिकटपट्ट्या लावून ठरवलंय. बट आणि गालपट्टी नेहमी जिथे असते तिथे मार्करची बारीक खूण, आणि साइटचे आकडे एका वहीत. वही-पेन्सिल याच ढिगात येते. खूण नसेल तर घट्ट करून तरी काय करणार?

तिसऱ्या ढिगात वस्तू नाहीतच. तो हात न लावण्याचा ढीग. ट्रिगरच्या आतले भाग, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह... तिथे काही बिघडलं तर रायफल खाली ठेवायची, रेंज ऑफिसरला सांगायचं आणि दुसरी मिळतेय का बघायचं. कुठे थांबायचं हे कळणंही शिकण्याचाच भाग आहे, आणि ताईच्या प्रश्नाचं उत्तर या ढिगात आहे.

आणि पैशाचं म्हणाल, तर हे सगळं सामान रायफलीच्या किमतीपुढे चिल्लर आहे. जादा रायफल घेऊन येणारी मुलं थोडी. बाकीच्यांना या मूठभर रबराचा आणि लोखंडाचाच आधार. त्यामुळे ज्यांच्या घरी पैसा बेताचा आहे, त्यांच्यासाठी तर हे शिकणं जास्तच गरजेचं आहे.

अर्थात बॅगेत सगळं मावत नाही. २००४ साली अथेन्सला अंतिम फेरीत बिंद्राच्या पायाखालची फरशीच सैल होती. आता फरशी कुठे जादाची नेणार? पण अशा वेळी मनाला टोचणी लागत नाही. आपल्या हातात होतं ते आपण केलेलं असतं.

भाचीने परवा स्वतःची यादी केली आणि मला दाखवली. ओ-रिंगा आहेत, चिकटपट्ट्या लावलेल्या की आहेत, वही आहे. खाली लिमलेटच्या वीस गोळ्याही आहेत, त्या कुठल्या ढिगात येतात ते तिलाच ठाऊक. सुईदोरा मात्र राहिलाय. ताईने तो पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही सांगणार नाहीये, आणि ताई, तूही गुपचूप टाकू नकोस. बटण तुटलं तर ती शेजारच्या मुलीकडे मागेल किंवा सेफ्टी पिन लावेल, आणि परत आल्यावर यादीत पहिली ओळ सुईदोऱ्याची असेल.