भावना कुणाच्या, कलम कुठलं?

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या बचत गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणाचा हप्ता राहिला, मीटिंग किती वाजता, कुणाच्या पापडांना ऑर्डर आली, असलं काहीबाही त्यावर चालू असतं. त्या रात्री साडेबाराला गटातल्या एका तरुण सुनेनं लिहिलं, "देवीला कमी ऐकू येतं का? घरात आजारी माणूस आहे, जरा आवाज कमी करा." तिच्या सासऱ्यांची आठच दिवसांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती आणि मंडप अगदी दारासमोर.

सकाळी उठून बघते तो ग्रुपवर महाभारत! "देवीची चेष्टा केली", "आमच्या भावना दुखावल्या", "पोलिसात तक्रार करू". दुपारपर्यंत चारपाच जण तिच्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन आले. ग्रुपची अ‍ॅडमिन मी. मी काय केलं? तिला फोन केला आणि म्हटलं, "काढून टाक बाई ते, आणि माफी माग. उगीच कशाला वाढवायचं?" तिनं मुकाट्यानं मेसेज काढला, 'क्षमस्व' लिहिलं. त्यानंतर दोन मीटिंगना ती आलीच नाही.

मला आपलं वाटत होतं, मी मोठं शहाणपणाचं काम केलं. पण मनातून ते जाईना. बी. ए.ला राज्यशास्त्र होतं, तेव्हा कलमं पाठ केली होती ती मार्कांपुरती. या वेळी राज्यघटना काढून स्वतःसाठी वाचली.

कलम १९ आपल्याला बोलण्याचं, मत मांडण्याचं स्वातंत्र्य देतं. मात्र ते मोकाट नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सरकारला वाजवी निर्बंध घालता येतील अशी आठ कारणं दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी मी दोनदा वाचली. 'भावना दुखावणं' असं कारण तिच्यात नाही!

मग 'भावना दुखावल्या' म्हणून गुन्हे दाखल होतात ते कसे? त्यासाठी दंडविधानात २९५-अ हे कलम होतं, १९२७ साली इंग्रजांच्या काळात आलेलं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालंय. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायद्याचे शब्द नीट बघा: जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं एखाद्या वर्गाच्या धर्माचा वा धर्मश्रद्धांचा अपमान. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ सालीच सांगितलं, की अपमानाचा प्रत्येक प्रकार यात बसत नाही. नकळत किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान यात येत नाही. आजारी सासऱ्यांसाठी वैतागून लिहिलेल्या ओळीत दुष्ट हेतू कुठून आणायचा?

आता दुसरी बाजू. मंडपवाल्यांनाही धर्माचा हक्क आहेच की! आहे, कलम २५मध्ये. आणि तो मला माझ्या आरतीइतकाच प्रिय आहे. पण हे कलम सुरूच होतं ते अटीनं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांचेही मूलभूत हक्क सांभाळून धर्म पाळायचा. 'आरोग्य' हा शब्द घटनेनं तिथं स्पष्ट लिहिलाय. याच कलमात सर्व हिंदूंना देवळं खुली करणारे कायदे करण्याचीही मुभा आहे. आपल्याकडे १९५६ साली तसा कायदा झाला आणि त्याच्याच आधारे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बायकांच्या मंदिरप्रवेशाचा मुद्दा निकाली निघाला. शनिशिंगणापूरचा चौथरा त्यानंतर बायकांना खुला झाला. म्हणजे धर्मस्वातंत्र्याची मर्यादा आपल्यालाच उपयोगी पडली, हे विसरून कसं चालेल?

लाउडस्पीकरचं तर अगदी स्पष्ट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंदी. सणावारी वर्षातून मोजके दिवस सरकार सवलत देऊ शकतं, तीही फक्त रात्री बारापर्यंत. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये. हे मला त्या रात्री माहीत असतं तर!

माझी चूक नेमकी किती मोठी, ते पालघर आठवल्यावर कळलं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते नुसतं 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे ते प्रकरण बंद झालं. पण त्या अटकेनं अस्वस्थ झालेली श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१५मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलमच रद्द झालं. त्या निकालात न्यायालयानं चर्चा, बाजू मांडणं आणि चिथावणी यांत फरक केला. चर्चा कितीही कडू असली तरी चालेल, चिथावणी चालणार नाही.

आणि मैत्रिणींनो, इथंच मला आपल्या ग्रुपची लाज वाटली. त्या सुनेवर तुटून पडलेल्यांपैकी एक ताई रोज सकाळी 'सुप्रभात'च्या फुलांबरोबर एखाद्या समाजाबद्दल विष ओकणारा मेसेज पुढे ढकलतात. दोन समाजांत वैर वाढवणं हा खराखुरा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १९६. त्यावर आजवर कुणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. माझ्याही नाहीत. 'जाऊ दे' म्हणत मी ते मेसेज पुसत राहिले. जे खपवून घ्यायला हवं होतं ते मी पुसायला लावलं आणि जे थांबवायला हवं होतं ते चालू दिलं.

परवा मी तिच्या घरी गेले. सासरे आता बरे आहेत. चहा झाल्यावर म्हटलं, "माझं चुकलं गं." मोठ्या उत्साहानं कलम १९, कलम २५ सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ताई, घटना बरोबरच आहे हो. पण आमचं दुकान याच गल्लीत आहे ना."

काय उत्तर देणार? मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपासून आपलं रक्षण करतात. दुकानात येऊन उभ्या राहिलेल्या चार माणसांपासून रक्षण करणं हे पोलिसांचं काम. निदर्शनांच्या, हिंसेच्या धमकीपुढे वाकून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९मध्ये एका चित्रपटाच्या खटल्यात सांगितलंय. पण पोलिसांपर्यंत जायलाही पाठीशी कुणीतरी लागतं. कलमाला हातपाय नसतात, ते आपणच द्यायचे असतात. त्या दुपारी तिच्या ओळीखाली गटातल्या दहाजणींनी नुसतं 'आम्हालाही त्रास होतो' असं लिहिलं असतं, तर दुकानात जाण्याआधी त्यांनी विचार केला असता.

पुढच्या मीटिंगला ती येते म्हणालीय. हिशेबाची वही उघडण्याआधी मी कलम १९ आणि २५ मोठ्यानं वाचणार आहे, अटींसकट. आणि पुन्हा कधी रात्री साडेबाराला तिचा मेसेज आला, तर त्याखाली पहिली ओळ अ‍ॅडमिनची असेल.