‘फुल इन्शुरन्स’ आहे म्हणजे नेमकं काय आहे?

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भागात नवी गाडी आली की दोन गोष्टी हमखास होतात. ओझरला नाहीतर लेण्याद्रीला जाऊन गाडीची पूजा होते आणि परतीच्या वाटेवर स्टिअरिंगवर घरातलं सगळ्यात उत्साही पोरगं बसतं. कुणी हटकलंच तर बापाचं उत्तर ठरलेलं असतं, "फुल इन्शुरन्स आहे की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्याविरुद्ध लिहिणं भाग आहे.

माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतः बाप झाली आहेत. त्यांच्यातलेच कोणी कोणी विचारतात, "सर, पोरगं अठराचं झालं, लर्निंग काढलंय. त्याच्यासाठी कुठला इन्शुरन्स घेऊ? स्वस्तात बसंल असा सांगा." प्रश्न प्रामाणिक असतो, पण बाप चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. आपल्याकडे मोटारीचा विमा चालवणाऱ्याच्या वयावर ठरतच नाही. गाडी कुठली, इंजिन किती सीसीचं, गाडीची आजची किंमत काय आणि नोंदणी कुठली, एवढंच बघतात. २०२२ च्या जूनपासून केंद्र सरकारने जे दर लागू केले, त्यात १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ३४१६ रुपये ठरला. चालवणारे साठ वर्षांचे आजोबा असोत की काल लर्निंग काढलेला नातू, रक्कम तीच.

इंग्लंडात असं नाही. तिथं अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं नाव पॉलिसीत घालायचं म्हटलं की हप्त्याचा आकडा हजार पौंडांच्या घरात सहज जातो. तिथल्या मराठी आईबापांचेही डोळे तो आकडा बघून पांढरे होतात. पण मला विचाराल तर तो आकडा म्हणजे न मागता मिळालेला सल्ला असतो. विमा कंपनी बापाला सांगते, ‘बाबा रे, तुझं पोरगं धोक्याचं आहे.’ आपल्याकडे हे कुणीच सांगत नाही. हप्ता वाढला नाही म्हणजे धोकाही वाढला नाही, असा सोयीस्कर अर्थ आपण काढतो.

आता त्या ‘फुल’ शब्दाकडे येऊ. विमा कायद्यात ‘फुल’ असं काही नसतं, हा शब्द एजंटांनी आणि शोरूमवाल्यांनी रुळवला. असतं ते दोन भागांचं पॅकेज: दुसऱ्याच्या नुकसानीचा थर्ड पार्टी भाग, जो सक्तीचा आहे, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. दोन्ही भागांना एकच ‘ड्रायव्हर क्लॉज’ लागू असतो. त्यात लिहिलेलं असतं की गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स पाहिजे. शिकाऊ लायसन्सवालाही चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळून. हा नियम अगदी साधा आहे. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, आणि तोही वेळ आली तर गाडी थांबवता येईल असा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. म्हणजे लर्निंगवाला पोरगा एकटाच मंचरला क्लासला गेला, किंवा शेजारी त्याच्यासारखाच लर्निंगवाला मित्र बसला, की तुमचं ‘फुल’ तिथंच पोकळ होतं. एजंट हे सांगत नाही. बापही विचारत नाही. आणि पॉलिसीची फाईल कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली असते.

इथं कुणी हुशार म्हणेल, सुप्रीम कोर्टाने तर शिकाऊ लायसन्सही लायसन्सच आहे असं म्हटलंय. म्हटलंय, २००४ च्या स्वरणसिंग निकालात. पण त्याच निकालाने हेही सांगितलं की मालकाने अट मोडल्याचं सिद्ध झालं, तर कंपनीने मेलेल्याच्या घरच्यांना आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. मालक म्हणजे तुम्ही. आणि ‘पोरानं न विचारता चावी नेली’ हा बचाव? २०११ मध्ये जवाहर सिंग यांच्या खटल्यात हाच मुद्दा होता. नात्यातल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल नेली होती. गाडी मुलाच्या हाती पडणार नाही हे बघणं मालकाचं काम आहे असं कोर्टाने सांगितलं आणि कंपनीचा वसुलीचा हक्क कायम ठेवला. अपघाताची भरपाई किती लाखांवर जाते हे ज्याला बघायचं असेल त्याने मोटार अपघात न्यायाधिकरणात एक दिवस बसून यावं. आपल्याकडे तेवढे पैसे उभे करायचे म्हणजे बागायत विकायची.

अठराच्या आतल्यांबद्दल तर बोलायचंच नाही, तिथं विम्याचा प्रश्नच उरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि बालन्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हा आमच्याकडच्या पारावर काय संताप होता! ‘श्रीमंतांची मस्ती’ म्हणून सगळे बोलत होते. बोलणाऱ्यांपैकी कितीजणांची नववी-दहावीतली पोरं त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर होती, ते मी बोलत नाही. पोर्शे महाग असते एवढाच फरक. कायदा ट्रॅक्टरलाही तोच आहे.

आणि पिकअप! नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन येणाऱ्या पिकअप कोण चालवतं ते सीझनमध्ये जाऊन बघा. मालवाहू गाडी रस्त्यावर चालवायला वीस वर्षं पूर्ण लागतात, अठरा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ मध्ये हे १९८८ पासून लिहिलेलं आहे. मी दहा बापांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. तुमचा मुलगा तुमची गाडी चालवताना तुमच्या जागी बसलेला असतो, तो तिसरा नसतो. त्याच्याच चुकीने गाडी झाडावर गेली आणि त्याचं बरंवाईट झालं, तर थर्ड पार्टीतून त्याच्यासाठी काही मिळत नाही. २००९ च्या निंगम्मा निकालापासून सुप्रीम कोर्टाचं हेच म्हणणं आहे. पॉलिसीबरोबर जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो ‘मालक-चालका’चा, म्हणजे आरसी बुकात नाव असलेल्याचा. गाडी बापाच्या नावावर, चालवतो मुलगा. ज्याच्या काळजीने बाप ‘चांगला इन्शुरन्स’ शोधत फिरतो, नेमका तोच उघड्यावर राहतो!

तेव्हा जो कोणी विचारेल त्याला मी सांगतो, नुसता थर्ड पार्टी घेऊन पोराला शिकवू नका, पॅकेज घ्या. शिकाऊ हाताने बंपर-दरवाजे घासणारच, म्हणून जमल्यास झीरो डेप घ्या. मुलाच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढा आणि त्यातली लायसन्सची अट आधी वाचा. हप्त्यात पाचशे रुपये वाचवायला दहा एजंट फिरण्यापेक्षा त्या एका क्लॉजवर एजंटला बोट ठेवायला लावा.

कंपन्यांनाही माझं एक सांगणं आहे. वयावरून हप्ता वाढवा असं मी म्हणत नाही. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याच्या पोराला गाडी शिकणं परवडलं पाहिजे. पण फॉर्मवर निदान एक प्रश्न घाला, घरातलं कोण कोण चालवणार आणि कुणाकडे कुठलं लायसन्स आहे? चार ओळी लिहिताना तरी बापाचा हात थबकेल.

पुणे-नाशिक रस्ता आता मोठा झालाय, बायपास झालेत, वेग वाढलाय. आणि त्याच रस्त्यावर गळिताच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर असतात. अनुभवी माणसाचीही तिथं भंबेरी उडते. पोराला शिकवायचं तर आधी पहाटे गावच्या मोकळ्या रस्त्यावर न्या आणि स्वतः शेजारी बसा, मोबाईल खिशात ठेवून.

राहिला तो ‘एल’. रेडियमच्या दुकानात आपल्याकडे काय मिळत नाही? वाघ मिळतो, ‘आईची कृपा’ मिळते, ‘बघतोस काय’ मिळतं. लाल ‘एल’ तयार नसतो, कारण कुणी मागतच नाही. मागितला तर दुकानदार दहा मिनिटांत कापून देतो.