पुस्तक मिटण्याचा अधिकार

मराठीत ‘आरंभशूर’ हा शब्द कोणी कौतुकाने वापरत नाही. उत्साहाने काम हाती घ्यावे आणि मध्येच सोडून द्यावे, या वृत्तीची त्यात टिंगल आहे. वाचनाच्या बाबतीतही हा शब्द सहज उच्चारला जातो. एखाद्या मुलीने गाजलेली कादंबरी निम्म्यावर सोडली, की घरातील वडीलधारी माणसे तिला चिकाटी नसल्याचे सुनावतात आणि मैत्रिणी तिच्या रसिकतेविषयीच शंका घेतात. परंतु आवडीखातर वाचावयास घेतलेले पुस्तक हे तडीस न्यावयाचे काम असते काय?

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मालिकेतील पहिली कादंबरी १९९७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची पृष्ठसंख्या २२३ होती. २१ जून २००३ रोजी प्रकाशित झालेली पाचवी कादंबरी, ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स’, ७६६ पृष्ठांची होती. पहिल्या कथेत एका अनाथ मुलासाठी जादूच्या शाळेचे दार उघडते आणि वाचक त्याच्यामागून धावत सुटतो. पाचव्या कथेत तोच नायक पंधरा वर्षांचा झाला आहे. तो चिडतो, एकटा पडतो, जिवलग मित्रांवर ओरडतो. शाळेत आलेल्या जुलमी अधिकारी बाईंचे नियम पानोपानी वाढत जातात. हा विस्तार निरर्थक नाही. वाढत्या वयातला कोंडमारा दाखवण्यासाठी तो आवश्यकही असेल. मात्र जादूच्या ओढीने आलेला दहा-अकरा वर्षांचा वाचक येथे थबकू शकतो. त्याने पुस्तक खाली ठेवले, तर दोष ना त्याचा ना पुस्तकाचा. कादंबरी एका वयाशी बोलत असते आणि वाचक दुसऱ्या वयात उभा असतो.

अपरिचित लेखकाचे पुस्तक सोडताना कोणालाही अपराधी वाटत नाही. लोकप्रिय पुस्तक सोडताना मात्र वाटते, कारण ते वाचणे ही समवयस्कांच्या मंडळात प्रवेश मिळवण्याची जणू अटच होऊन बसते. प्रत्यक्षात गाजलेली पुस्तके अर्धवट सोडणारे थोडे नसतात. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकन गणितज्ञाने २०१४ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये एक गमतीदार मोजमाप मांडले. ई-पुस्तकांत वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली वाक्ये पुस्तकात सरासरी किती पुढे येतात, हे त्याने पाहिले. सुझान कॉलिन्स यांच्या ‘कॅचिंग फायर’ या किशोरांच्या कादंबरीसाठी हा आकडा ४३.४ टक्के निघाला, तर स्टीफन हॉकिंग यांच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’साठी अवघा ६.६ टक्के. ही करमणूक आहे, शास्त्र नव्हे, हे एलेनबर्गने स्वतःच स्पष्ट केले होते. तरीही त्यातून एक गोष्ट सुचते. पुस्तक किती घरांत पोहोचले हे खपाचे आकडे सांगतात; त्या घरांत ते कोणत्या पानावर थांबले, हे सांगत नाहीत.

ताटात उष्टे टाकू नये, असा संस्कार मराठी घरांत लहानपणीच होतो. पुस्तकाविषयीची अपराधी भावना बहुधा याच संस्कारातून येत असावी. पण ही तुलना अपुरी आहे. ताटात राहिलेले अन्न वाया जाते. अर्धे वाचलेले पुस्तक मात्र दुसऱ्याच्या हाती दिले, तर त्याच्यासाठी ते पूर्णच असते. इतकेच नव्हे, तर पाच वर्षांनी परत आले, तर पहिल्या वाचकालाही ते नवे वाटू शकते.

दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने अनेक वर्षे शिक्षकाचा पेशा केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने वाचकाचे दहा अधिकार सांगितले. पुस्तक पूर्ण न करण्याचा अधिकार हा त्यांपैकी एक. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी तर १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले होते. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्यांतील तीन. हे सिद्धान्त ग्रंथालयांच्या कारभारासाठी असले, तरी त्यांतून एक अर्थ निघतो: प्रत्येक ग्रंथ प्रत्येकासाठी नसतो.

अर्थात, अधिकार आला की विवेकही आला. मोबाइलच्या पडद्यावर क्षणाक्षणाला चित्र बदलण्याची सवय झालेल्या मनाला कोणतेही पुस्तक दहाव्या पानावर संथ वाटेल. तो कंटाळा पुस्तकाचा नव्हे, सवयीचा असतो. म्हणूनच नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी सुचवलेला नियम उपयुक्त आहे. पुस्तकाला पहिली ५० पाने द्यावीत आणि मगच ते ठेवायचे की पुढे न्यायचे, हे ठरवावे. पुस्तक मिटताना वाचकाने स्वतःला कारणही विचारावे. भाषा अवघड गेली, विषय रुचला नाही, की केवळ मन थाऱ्यावर नव्हते? भाषा अवघड असेल तर थोडी चिकाटी धरावी. मन थाऱ्यावर नसेल तर काही दिवस थांबावे. रुची नसेल तर निःसंकोच दुसरे पुस्तक घ्यावे. मात्र निम्मे वाचून संपूर्ण पुस्तक टाकाऊ ठरवू नये. न वाचलेल्या पानांविषयी मत देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

ही सूट सर्वांत गरजेची आहे ती कमी वेळ असलेल्या वाचकाला. दिवसभर नोकरी किंवा घरकाम करून रात्री शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला स्वतःच्या वाचनासाठी अर्धा तासही मुश्किलीने येतो. न आवडलेली एक जाडजूड कादंबरी उशाशी महिनोन्महिने पडून राहते. ती संपल्याशिवाय दुसरे पुस्तक उघडू नये, असे त्याला वाटते. मग तो तेही उघडत नाही आणि हेही वाचत नाही. हळूहळू ‘आपल्याला वाचनच जमत नाही’ अशी त्याची समजूत होते. एक कादंबरी अर्धी राहिली, तर साहित्याचे काही बिघडत नाही. पण त्या समजुतीपायी एक वाचक कायमचा दुरावला, तर ते नुकसान कशानेही भरून येत नाही. अर्धवट पुस्तकावर रागावण्यापूर्वी मोठ्यांनी त्या मुलाच्या हाती दुसरे पुस्तक द्यावे.