डबल शॉकरचा मोह

अकरावीत मी हट्टाने डबल शॉकरची सायकल घेतली. (आपल्या इंदुरात सस्पेन्शन कोण म्हणतं? शॉकरच!) बाबा म्हणत होते, "साधी घे, हलकी घे." पण फ्रेमच्या मधोमध ती जाडजूड लाल स्प्रिंग दिसली आणि मी ऐकलंच नाही. पुढच्याच महिन्यात आम्ही जानापावला गेलो. महूच्या पुढची, चंबळचा उगम असलेली टेकडी. चढ लागला आणि कळलं, की मी मारलेलं प्रत्येक पॅडल आधी स्प्रिंग दाबतंय, मग उरलंसुरलं चाकापर्यंत पोचतंय. तेलाचा डॅम्पर नव्हताच, नुसती स्प्रिंग. साध्या सायकलवाले पुढे गेले, मी जागच्या जागी उसळत राहिले.

तेव्हापासून मागच्या शॉकरची कुठलीही अजब रचना पाहिली की मी दोन गोष्टी टाळते. एक, भारावून जाणं. दुसरी, लगेच हसणं. अजब म्हणजे वाईट नव्हे आणि अजब म्हणजे पुढारलेलंही नव्हे. विचारायचं एवढंच: ही कुठली अडचण सोडवते, त्या बदल्यात कुठली नवी आणते, आणि मुळात ती अडचण माझी आहे का?

1990 च्या दशकातली ट्रेकची वाय आकाराची सायकल घ्या. तिच्यात पॅडलचा क्रँक मागच्या चाकासोबत एकाच हलत्या त्रिकोणावर बसवला होता. त्यामुळे चेन कधी ताणली जात नसे. कल्पना खरंच हुशार. पण उभं राहिलं की आपलं वजन त्याच त्रिकोणावर येतं आणि शॉकर जवळजवळ आखडतो. खडकाळ उतारावर आपण उभेच असतो ना! म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो दगा देतो. ही रचना मागे पडली ते उगाच नाही.

याउलट हल्लीची हाय-पिव्हट. सांधा उंचावर असल्यामुळे दगड लागला की चाक मागे सरकतं आणि धक्का गिळतं. चेन ताणू नये म्हणून वर एक जास्तीची पुली. दिसायला विचित्र, थोडं घर्षण वाढतं, देखभाल वाढते. पण डोंगरउतारावर वेगाने जाणाऱ्याला हा सौदा परवडतो.

मला परवडेल का? नाही. माझं सायकलिंग म्हणजे रोजचं कॉलेज आणि सुट्टीत कधीतरी चोरल. शिवाय जितके सांधे तितक्या बेअरिंग, आणि पावसाळ्यातला माळव्याचा काळा चिखल त्यांना सोडत नाही. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका पंक्चर झकास काढतात, पण त्या बेअरिंग त्यांनी आणायच्या कुठून?

आम्ही साहित्याचे विद्यार्थी कवितेबद्दल हेच शिकतो. नवा आकार कवीला काही सांगण्यासाठी हवा होता की नुसता दाखवण्यासाठी, हे वाचल्याशिवाय कळत नाही. सायकलही चालवल्याशिवाय कळत नाही.

यंदा धाकट्या बहिणीला सायकल घ्यायची आहे. तिचा डोळा अर्थातच डबल शॉकरवर. मी नाही म्हणणार नाही. दुकानातून ट्रायलला घेऊन तिला जवळच्या पुलाच्या चढावर नेईन आणि सांगेन, "उभी राहून पॅडल मार." पुढचं तिचे पायच तिला सांगतील. बाबांचं मी ऐकलं नव्हतं, ती माझं तरी का ऐकेल?