दरीत टाकलेला दगड
मेक्सिकोच्या क्रांतीत मारियानो आझुएला हा डॉक्टर व्हिया या बंडखोर सेनानीच्या बाजूच्या फौजेत जखमा बांधत हिंडला आणि १९१५ साली त्याची 'लोस दे आबाहो', म्हणजे 'तळातली माणसं', ही कादंबरी वर्तमानपत्रातून क्रमशः आली. तिचा नायक देमेत्रिओ मासियास हा शेतकरी जाहीरनामा वाचून बंदूक उचलत नाही. गावातल्या बड्या धेंडाशी वाजलेलं असतं, सरकारी शिपाई आधी त्याचं कुत्रं मारतात, मग घर पेटवतात. त्याला एवढं पुरतं. क्रांतीची मोठमोठी भाषा येते ती सरकारी फौजेतून पळून आलेल्या एका शिकलेल्या तरुणाच्या तोंडून. मला मात्र बोचतो तो देमेत्रिओच्या माणसांच्या लुटीतला टाइपरायटर. वाहायला जड, म्हणून तो हातोहात स्वस्त होत जातो आणि शेवटी एकजण तो चिल्लर मोजून घेतो, तेही दगडावर आपटून फोडण्याच्या आनंदासाठी! ज्यांच्या दारी कागद आला तो फक्त हुकूम घेऊनच, त्यांचा हा राग मला कळतो. पुढे बायको देमेत्रिओला विचारते, आता कशासाठी लढता? तो एक दगड दरीत टाकतो आणि तिला तो घरंगळताना बघायला लावतो.