लवण, क्षार आणि वृक्क : थोडे आत्मपरीक्षण

चरकसंहितेच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. हे सूत्र आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले. चिकित्सालयात ते कितपत स्मरते, हा खरा प्रश्न आहे.

दोन्ही वृक्कांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील जेमतेम दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. उरलेला, मुख्यतः सोडियमच्या पाठोपाठ, रक्तात परततो. रक्तदाब घटला की वृक्कातून रेनिन स्रवते. त्यातून पुढे निर्माण होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अल्डोस्टेरॉनद्वारे सोडियम व जल शरीरात राखते. १९३४ साली गोल्डब्लाट यांनी श्वानांची वृक्कधमनी चिमट्याने संकुचित करून रक्तदाब वाढतो हे दाखविले. सारांश, विकृत वृक्क रक्तदाब वाढवितो आणि वाढलेला रक्तदाब वृक्कास अधिक क्षीण करतो.

काही वर्षांपूर्वी पायांवर शोथ व अग्निमांद्य असलेला पन्नाशीचा एक रुग्ण आमच्याकडे आला. आम्ही लवणभास्कर चूर्ण व यवक्षार दिला. रक्तदाब मात्र मोजला नाही. तीन आठवड्यांत शोथ वाढला. तेव्हा रक्तदाब १८०/११० आणि सीरम क्रिएटिनिन ४ च्या वर आढळले. विकार जुनाच होता. परंतु सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव यांची भर आम्हीच घातली होती. यवक्षारात पोटॅशियमचे क्षार प्रमुख असतात. क्षीण वृक्कास पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात साचल्यास हृदयाची गती बंद पडू शकते. तो रुग्ण वेळीच वृक्करोगतज्ज्ञांकडे पोहोचला, हे आमचे भाग्य.

लवणांत सैंधव श्रेष्ठ, हे मान्य. तथापि तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. म्हणून शोथाच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब मोजावा, मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन तपासावे आणि त्यानंतरच लवण-क्षारयुक्त कल्पांचा विचार करावा. रुग्णाची चालू असलेली रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करू नयेत. औषधनिर्मात्या बंधूंना विनंती की, अशा कल्पांच्या वेष्टनावर एका मात्रेतील लवणाचे प्रमाण ठळकपणे छापावे.

रक्तदाबमापक यंत्र वापरल्याने आपले वैद्यत्व उणे होत नाही. ते न वापरल्याने मात्र रुग्णाचे आयुष्य उणे होऊ शकते.