राखणदारांची हत्या

परसातल्या भाजीवर स्वतःच्या हाताने विष फवारणारा सुशिक्षित गृहस्थ बाजारच्या भाजीला नावे ठेवतो, ही आमच्या काळातील एक मोठी विसंगती होय. ‘घरची भाजी, निर्विष भाजी’ असे तो पाहुण्यांना अभिमानाने सांगतो आणि पाहुण्यांची पाठ वळताच मावा पडलेल्या वालाच्या वेलावर पंप मारतो. बागेत उपकारक कीटक वाढवून सोडावेत असे कोणी सुचवले, तर हाच गृहस्थ त्याला छांदिष्ट ठरवून हसतो. त्या छांदिष्टाचे वकीलपत्र आज आम्ही घेत आहोत.

आम्ही राहतो ते भैरवगढ उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी. येथे कालभैरवाचे ठाणे आहे. भैरव म्हणजे क्षेत्रपाल, क्षेत्राचे रक्षण करणारा. कोकणात आणि गोमंतकात हाच भाव ‘राखणदार’ या शब्दात साठवलेला आहे. त्या राखणदाराला नारळ दिल्यावाचून आमच्या लोकांचे पाऊल पुढे पडत नाही. मात्र देवळातून घरी परतल्यावर जास्वंदीच्या फांदीवर बसलेला राखणदार आम्ही बोटाने चिरडतो, आणि आपण काय केले याची आम्हाला वार्ताही नसते!

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो, हे प्रत्येक गणेशभक्ताला ठाऊक आहे. त्याला खाणारा क्रिप्टोलीमस नावाचा एक लहान भुंगेरा आहे. गंमत अशी की, या भुंगेऱ्याची अळी पांढऱ्या मेणचट धाग्यांनी मढलेली असून थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. परिणामी चोराबरोबर शिपाईही फासावर जातो. ठिपक्यांच्या ढालकिड्याचीही तीच कथा. पूर्ण वाढलेला लाल ढालकिडा मुलांना आवडतो. परंतु त्याची काळसर, काटेरी अळी दिसली की आई किंकाळी फोडते. वास्तविक हीच अळी आपल्या अल्प आयुष्यात शेकडो मावा फस्त करते. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व. बागेत आम्ही सुनावणीच घेत नाही. उलट, सगळेच ढालकिडे साधू नव्हेत हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वांग्याची पाने खरवडून त्यांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा किडा त्यांच्याच कुळातला आहे. त्याची पाठ लवदार व निस्तेज असते, मित्रांची गुळगुळीत व चकचकीत. आरोपीची ओळख पटवूनच शिक्षा द्यावी, एवढेच आमचे मागणे.

‘कायदा आहे ना!’ असे कोणी म्हणेल. १९६८ चा कीटकनाशक कायदा आम्ही वाचला आहे. त्याच्या ३८ व्या कलमाने घरगुती कामासाठी, परसबागेसाठी आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी केलेला वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. अर्थात परसाच्या दारापाशी कायदा थांबतो आणि तेथून पुढे केवळ विवेकाचे राज्य सुरू होते. तो विवेक जागा नसेल, तर कुंपणच शेत खाते. विषाची किंमत काय असते हे मध्य प्रदेशात राहणाऱ्याला तरी सांगावे लागू नये. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळात जो वायू सुटला, तो कार्बारिल नावाच्या कीटकनाशकाच्या निर्मितीसाठी साठवलेला होता. त्या कार्बारिलवर केंद्र सरकारने बंदी घातली ती २०१८ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली होती.

कीटकांकडून काम करून घेणे ही काही कालपरवाची पाश्चात्त्य लहर नव्हे. भैरवगढ ही ठसे उमटवून कापड रंगवणाऱ्यांची वस्ती. म्हणून रंगाचेच उदाहरण देतो. १७९५ मध्ये किरमिजी रंगाच्या लोभाने ब्राझीलहून किडे हिंदुस्थानात आणले गेले. ते भलत्याच जातीचे निघाले आणि रंगाचा बेत फसला. परंतु त्यांनी माजलेल्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १८३६ च्या सुमारास तेच किडे दक्षिणेत मुद्दाम सोडण्यात आले. उपरोल्लेखित क्रिप्टोलीमस १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. २००२ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या उसावर लोकरी माव्याचे संकट कोसळले, तेव्हा ते आवरण्यात कोनोबाथ्राच्या अळ्यांचा मोठा वाटा होता. २००८ मध्ये पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण अवतरला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी माशीने त्याला वेसण घातली.

आता आक्षेपांचा परामर्श घेऊ. ‘परके किडे सोडणे धोक्याचे नाही काय?’ आहे. माव्याच्या बंदोबस्तासाठी युरोप-अमेरिकेत सोडलेला एक आशियाई ढालकिडा तेथील देशी ढालकिड्यांच्याच मुळावर उठला. म्हणूनच परदेशातून कीटक आणण्याला सरकारी परवानगी लागते, आणि ती लागावी. आम्ही पुरस्कार करतो तो या मातीत रुळलेल्या किड्यांचा.

‘विकत आणून सोडले, पण उडून गेले!’ उडणारच. अमेरिकेत डोंगरांतून गोळा केलेले ढालकिडे पिशव्या भरभरून विकतात आणि ते असेच पसार होतात. ज्या बागेत काल विष मारले, तेथे आज पाहुणा कसा राहील? आधी फवारणी थांबवावी. शेपू, बडीशेप, कोथिंबीर यांची चार रोपे फुलू द्यावीत, कारण अनेक उपकारक माश्यांचे अन्न मध आणि पराग हेच असते. मधाच्या लोभाने माव्याची पाठराखण करणाऱ्या मुंग्यांना खोडावर चिकट पट्टा बांधून अडवावे. मग संध्याकाळच्या गारव्यात कीटक सोडावेत. क्रिप्टोलीमस तर घरीही वाढतो: पिकलेल्या लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढू द्यावा, त्यावर भुंगेरे सोडावेत, सुमारे महिन्याभरात नवी पिढी हाती येते. क्रायसोपाच्या अळ्या मात्र वेगवेगळ्या ठेवाव्यात. भुकेल्या असल्या म्हणजे त्या एकमेकींना खातात.

‘पण याला वेळ लागतो!’ हा शेवटचा आणि सर्वांत लाडका आक्षेप. लागतो. विषाने मावा सकाळी मरतो खरा. त्याबरोबर त्याचे शत्रूही मरतात. माव्याच्या माद्या नराविनाच पिले प्रसवतात, त्यामुळे मावा आधी परततो आणि राखणदार मागाहून. म्हणून दुसरी फवारणी, म्हणून तिसरी. या तिन्हींचा वेळ आमचे गृहस्थ हिशेबात धरीत नाहीत. थोडा मावा वेलावर राहू द्यावा. तो राखणदाराचा शिधा आहे. शिधा बंद करून चाकरीची अपेक्षा करणे हे कोणत्याही कायद्यात बसत नाही.

कायद्याने परसाचे दार मोकळे सोडले आहे. त्या दारातून आत पंप न्यावयाचा की भोपळा, याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. पंप नेणाऱ्याने निदान पाहुण्यांपुढे ‘निर्विष’ हा शब्द उच्चारू नये.